पाचच तर धांडे

आमच्या गावची ज्वारी पाखराईनं संपवली असं कोणी म्हटलं, की मले त्याच्या अंगावर बादलीभर पाणी फेकावंसं वाटते. पाखराचं नाव कायले घेता बाप्पा? पाखरू मुठीएवढं, त्याचं पोट बोराएवढं. पण आपल्या लोकाईले दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडाची भारी हौस. म्हणून मीच सांगते काय झालं ते. माझ्या सासूचं झालं, माझ्या डोळ्यादेखत झालं, अन् अजूनही आठवलं की माझी तव्यावरची भाकर जळते.

सासूचं नाव आनंदाबाई. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. आनंदानं बसलेली मी तिले क्वचितच पाह्यली. आमचं गाव जामच्या चौरस्त्यापासून आत आहे, समुद्रपूर तालुक्यात. एकदा एका ऑटोवाल्यानं आमच्या धुऱ्यावरची, म्हंजे बांधावरची, तूर घासत ऑटो काढला. ही बाई त्याच ऑटोत बसली अन् जाम येईपर्यंत त्याच्या सात पिढ्याईले शिव्या देत गेली. चौकात उतरली, त्याच्या हातावर भाडं ठेवलं अन् पायी परत आली. जामले तिचं काहीच काम नव्हतं.

मी पिपरी मेघेची. आमच्या घरी दोन्ही वेळा गव्हाच्या पोळ्या. लग्न होऊन आली तर पयल्याच दिवशी तिनं माझ्या ताटात ज्वारीची भाकर टाकली अन् म्हणे, "खा. गहू पाहुण्याचा, ज्वारी घरची." मले ती भाकर काही गिळेना. आता तिच्यावाचून जेवण जात नाई, ही गोष्ट वेगळी.

चुलीच्या वर एक दोरी होती. तिच्यावर ज्वारीची कणसं उलटी टांगलेली, धुरानं काळी कुट्ट झालेली. धुरातल्या बियाले सोंडा किडा लागत नाई, म्हणून. ते बी तिच्या मायनं तिले लग्नात ओटीत घातलं होतं. तिच्या मायले तिच्या मायनं. आमच्याकडं ओटीचं बी विकत नाईत. द्याचं असलं तर ओटीतच द्याचं, अन् घेणारीनं पीक आलं की दुप्पट आणून द्याचं. दाणा असा टपोरा, पांढराफेक, अन् बुडाशी एक काळा ठिपका, लेकराले तीट लावल्यासारखा. तिच्या घरचा दाणा ती हजारात ओळखे.

आता पाखराचं सांगते. पयले सारं गाव ज्वारी पेरे. तेव्हा पाखरं नव्हती का? आतापेक्षा जास्त होती. राघू, साळुंक्या, होले, अन् चिमण्या तर इतक्या, की वावरावर चादर टाकल्यावानी बसत. पण साऱ्या शिवाराचं कणीस एकाच पंधरवड्यात भरे. पाखरं खाऊन खाऊन किती खाणार? याच्या वावरात बसले, त्याच्या वावरात बसले, अन् दर वावरातलं एखादं तास, म्हंजे एखादी ओळ, खाऊन गेले. त्याले पाखराचं तासच म्हणत. त्याचं कोणाले दुःख नव्हतं.

मंग सोयाबीन आलं. वासुदेवराव आमच्या गावचे मोठे शेतकरी. त्याईनं पयले ज्वारी सोडली. त्याईचं पाहून आणखी चार घराईनं सोडली. आता पाखरं तेवढीच अन् ज्वारीची वावरं कमी. मंग जो राह्यला त्याचं नुकसान वाढलं, म्हणून त्यानंही सोडली. मंग उरलेल्याचं आणखी वाढलं. असं करत करत एक दिवस साऱ्या शिवारात एकच वावर ज्वारीचं, अन् ते आमचं. पाच गावचे राघू तठी जेवाले.

डुकराचंही तेच. डुक्कर म्हंजे आमच्या शिवाराचा जावई झाला आहे. जाईन तिथं खाईन, अन् हात लावाची सोय नाई. पयले कोल्हे होते. कोल्हे डुकराची लहान पिल्लं उचलत. एका वर्षी वासुदेवरावाच्या वाडीतले टरबूज कोल्ह्याईनं फोडले, तर त्याईनं मेलेल्या बकरीत औषध घालून ठेवलं. कोल्हे मेले, दोन कुत्रे मेले. गावानं वाहवा केली. पुढं डुकरं इतकी माजली, की टरबूजच काय, वासुदेवरावाची वाडीही राह्यली नाई. आई, म्हंजे माझी सासू, म्हणे, "कोल्हा टरबूज खाये, डुक्कर वेलच खाते. आता भोगा." पण भोगलं सगळ्याईनंच.

तरी ती दरवर्षी पेरे. नीलेश, म्हंजे माझा नवरा, जामले पेट्रोल पंपावर आहे. तो एकदा म्हणे, "आई, कायले जीव काढतं? मी बाजारातून पोतंभर ज्वारी आणून देतो."

आई म्हणे, "अन् तुले बाजारातून दुसरी माय आणून देऊ का?"

तो गुपचूप डबा घेऊन पंपावर गेला.

पण खरी गोष्ट अशी, की दोन वर्षं आमच्या हाती दाणा आला नव्हता. पयल्या वर्षी राघूईनं खाल्लं, दुसऱ्या वर्षी डुकराईनं लोळवलं. दोरीवरची कणसं त्याच्याही आधीची. बी काही सोनं नाई, की पडून राह्यलं तरी चालन. जुनं झालं की मरते. तिनं ओल्या फडक्यात दाणे बांधून पाह्यले, तर निम्मेच उगवले. पुढच्या वर्षी तेही उगवणार नाईत. या वर्षी नवं बी हाती आलं तर आलं, नाईतर मायच्या मायपासून चालत आलेलं संपलं. एवढंच तिचं मागणं होतं. सोनं-नाणं नाई, वावर-जुमला नाई. मूठभर जित्तं बी.

मे महिन्याच्या एक तारखेले ग्रामसभा होती, मारुतीच्या पारावर. नाली, नळ, सगळं बोलून झालं अन् ही उभी राह्यली. लोकाईनं एकमेकाकडं पाहून डोळे मिचकावले. ती म्हणे, "हसाचं ते मागून हसा. घरटी चार तास ज्वारी पेरा, सोयाबीनच्या मधात. जास्त नाई. पण सगळ्याईनं पेरा, अन् एकाच आठवड्यात पेरा. सारं शिवार भरलं तर पाखरू कुठं कुठं बसन? मी एकटी पेरते तर पाच गावाचे थवे माझ्याच वावरात उतरतात. माझं वावर आहे का मंगल कार्यालय?"

सारे हसले. पण वासुदेवराव उठले. धोतर सावरलं अन् म्हणे, "आनंदाबाई बरोबर बोलून राह्यल्या. गावात बैलाले कडबा नाई, आपल्याले भाकर नाई. पयले मी सोडली, पयले मीच पेरतो. हा माझा शब्द." झालं. मोठा माणूस बोलला की बाकीच्याईच्या तोंडाले पाझर फुटते. आमचाही शब्द, आमचाही शब्द. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं दोरीवरची सगळी कणसं खाली काढली. मी म्हटलं, "आई, अर्धी तर ठेवा."

"शब्द देल्ला त्याईनं मारुतीसमोर. अर्ध्या बियात अर्धं गाव पेरन, मंग पाखराईचा तरास तसाच राहीन."

बी चोळलं, पाखडलं, त्याले हळदकुंकू लावलं. बाया आल्या. सगळ्यात पयले आली काजल, वासुदेवरावाची सून. आईनं तिच्या पदरात बी घातलं अन् म्हणे, "हे विकू नोको, खाऊ नोको. पेरजो अन् दुप्पट आणून देजो." काजल पाया पडली. मंग एकामागून एक बाया, पदर पसरून. आमच्यासाठी वाटीभर राह्यलं. त्या दिवशी आईनं स्वतः चहा केला अन् मले आयता देल्ला. असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

पेरणी झाली. पीक वीतभर वर आलं तशी आई शिवारात फिराले गेली. मीही संगं गेली. सोयाबीन, पऱ्हाटी, तूर. पुन्हा सोयाबीन, पऱ्हाटी, तूर. ज्वारीचं पातं म्हणून नाई.

वासुदेवराव बांधावर भेटले. आईनं इचारलं, "काऊन हो, चार तास कुठं आहेत?"

"अवो, ट्रॅक्टरवाला एका दमात सोयाबीन पेरून गेला. त्याच्या मशीनीत ज्वारी बसत नव्हती. अन् एवढ्या गावात माझे चार तास नाई झाले तर काय बिघडते? बाकीचे पेरतीनच ना."

आम्ही बाकीच्याईकडं गेलो. अन् खोटं वाटन तुमाले, पण घरोघरी हेच वाक्य. शब्दाले शब्द तोच. माझ्या एकट्यानं काय होते, बाकीचे पेरतीनच. बाकीचे! कोण हो हे बाकीचे? कोण्या गावचे? आजपर्यंत मले तर कोठी दिसले नाईत. दिसले असते तर चप्पल काढून इचारलं असतं.

आई त्या दिवशी शिव्या देत नव्हती. मले त्याचीच भीती वाटली. घरी येऊन म्हणे, "बी तर आहे त्याईच्या घरात. डब्यात ठेवलं म्हणतात. ते तरी मागून आणू." मागाले गेली तर सगळ्याईनं सांगतलं, आहे ना, काढून ठेवतो, सवडीनं नेजा.

नागपंचमीले वासुदेवरावाच्या घरून लाह्याची वाटी आली. ज्वारीच्या लाह्या, गूळ-खोबरं घातलेल्या. प्रसाद म्हणून आईनं चिमूटभर तोंडात टाकल्या अन् चावता चावता थांबली. वाटी ताटात उपडी केली. बोटानं लाह्या बाजूले सारून सारून बुडाशी राह्यलेला एक न फुटलेला दाणा उचलला अन् माझ्या तळहातावर ठेवला. पांढराफेक दाणा, अन् बुडाशी काळा ठिपका.

मले आईची काही तोंडपूजा कराची नाई, पण तिचं ते तोंड मी विसरणार नाई. मेलेल्या लेकराचं आंगडं पाहावं तशी ती त्या दाण्याकडं पाहून राह्यली होती.

वाटी घेऊन ती वासुदेवरावाच्या अंगणात गेली. काजल बाहेर आली. "काकू, मूठभरच तर होती. नागोबाले लाह्या लागतात, अन् बाजारची ज्वारी नीट फुटत नाई. मले वाटलं, बाकीच्या घरी आहे ना बी."

"नागोबा लाह्या खाते होय वं? नागोबा उंदीर खाते. लाह्या तुमी खाता!" आईचा आवाज साऱ्या आळीले ऐकू गेला. "मी तुह्या ओटीत घातलं होतं. लेकीची ओटी भरावी तसं घातलं होतं. तुनं ते कढईत भाजलं."

मंग ती घरोघर गेली. कोठी लाह्या झाल्या होत्या, कोठी कण्या शिजल्या होत्या, एका घरी कोंबड्याईनं टिपलं. एकीनंही राखलं नव्हतं. कारण प्रत्येकीले वाटलं, दुसरीनं राखलं असन.

आता राह्यला विहिरीजवळचा आमचा तुकडा. त्यात आमचं वाटीभर बी पेरलं होतं, अन् जे उगवलं ते उगवलं होतं. आईनं त्याच्या भोवताल जुनी लुगडी बांधली, डुकराले भेव वाटावं म्हणून. स्वतः गोफण घेऊन सकाळपासून वावरात बांधलेल्या माळ्यावर. मी घरचं आटपून जाये. तिनं मले गोफण शिकवली. माझा पयला खडा मागं गेला अन् विहिरीवरच्या पंपाच्या टपरीवर ठण्णकन् वाजला, तर म्हणे, "राघू समोर आहे माय, मागं तुहा सासरा नाई." मी हसली. तीही हसली. पाखराईले मात्र तिची दयामाया नव्हती. "ये, ये, तुह्या बापानं पेरलं होतं! आयतखाऊ! हिरवा कोट घालून लग्नाले आला का रे?" राघू उडत, लिंबावर बसत, तिचं बोलणं संपलं की परत येत. त्याईलेही तिची सवय झाली होती.

कणसं निसवली, भरू लागली. त्यातली सगळ्यात भारी कणसं तिनं निवडली अन् आपल्या लुगड्याच्या चिंध्या फाडून एकेका कणसाले टोपडं बांधलं. लाल चिंधी, हिरवी चिंधी, जांभळी चिंधी. हे बियाचे. बाकीचे पाखराईनं खाल्ले तर खाऊ दे, म्हणे, टोपड्यातले वाचले की झालं. जमलं होतं हो. दोन वर्षाच्या मातीनंतर जमलं होतं. दिवाळी झाली की कापाचं, एवढंच राह्यलं होतं.

अन् कोजागिरी आली.

आमच्याकडं कोजागिरीले भुलाबाई मांडतात. भुलाबाई अन् भुलोजी, म्हंजे पार्वती अन् शंकर, मातीचे. त्याईच्यावर ज्वारीच्या पाच धांड्याईची, म्हंजे ताटाईची, खोपडी उभी कराची, झोपडीवानी, कणसासकट. धांडे ज्वारीचेच पाह्यजे, सोयाबीनच्या काड्याईची खोपडी होत नाई. अन् ज्वारी साऱ्या शिवारात एकाच ठिकाणी.

सकाळीच बाया इळे घेऊन धुऱ्यावर हजर. पुढं काजल. लाह्या खाल्ल्या त्याच बाया, बरं का. लाज कशाशी खातात हे यायले कोणी सांगतलंच नसन. काजल म्हणे, "काकू, पाचच तर धांडे." मागची म्हणे, "आमालेही पाचच." तिच्या मागची म्हणे, "पाचानं काय होते?"

आई माळ्यावरून उतरली. आवाज चढवला नाई. "मी आज माह्या घरी भुलाबाई मांडत नाई. लग्न झाल्यापासून पयल्यांदा मांडत नाई. दाणा अजून दुधात आहे. आज कापला तर त्याचं बी होत नाई, नुसतं फोलपट. दिवाळी होऊ द्या, वाळले की भारेच्या भारे नेजा."

"कोजागिरी आज आहे अन् धांडे दिवाळीले काय कराचे?"

"देवाले नाई म्हणता काकू?"

"देवाले नाई म्हणत नाई वं! तुमाले नाई म्हणते!" आता चढला आवाज. "तुमाले माह्यापासून बी भेटलं होतं. घरटी चार तास पेरले असते, तर आज एकेकीच्या अंगणात पाच काय, पन्नास धांडे उभे राह्यले असते. जा घरी!" अन् गोफणीत खडा घातला. बाया बडबडत गेल्या. गर्व झाला म्हणे, म्हातारपणी बुद्धी फिरली म्हणे. मले वाटलं, सुटलो.

दुपारी वासुदेवराव स्वतः आले. धुऱ्यावर चपला काढून उभे राह्यले अन् हात जोडले. "आनंदाबाई, गाव नाराज आहे. पण चूक आमची आहे, मले मान्य आहे. पारावर चला. चारचौघात मानतो."

यासाठीच तर ती बाई पेरणीपासून झुरत होती. कोणी तरी मानावं, की चुकलं. तिनं पदर झटकला, गोफण खांद्यावर टाकली, मले म्हणे चाल. आम्ही गेलो.

पारावर सारी गडीमाणसं जमली होती. वासुदेवराव खरंच बोलले. शब्द मोडला, लाज वाटते म्हणाले. पुढच्या वर्षी पयले ज्वारी, मंग सोयाबीन, म्हणाले. बाकीच्याईनंही माना हलवल्या, आमचाही शब्द, आमचाही शब्द. आईनं इचारलं, "अन् बी कोठून आणाल?"

"तुमच्यापासून, दुसरं कोठून? तुमच्या वावरात उभं आहे ना."

आई हसली. मी पाह्यलं, चारचौघात हसली. कोणीतरी चहा आणला तर म्हणे, साखर कमी आहे, अजून टाक. मंग तिनं सगळ्याईले समजावून सांगतलं, कोणत्या आठवड्यात पेराचं, तासात किती अंतर ठेवाचं, धुऱ्याकडचं तास पाखराले कसं सोडाचं. माणसं ऐकत होती. ऊन कलेपर्यंत आम्ही तठी बसलो.

परत आलो तर कुंपणाचं लुगडं एका बाजूनं जमिनीवर लोळत होतं. माळा होता. लिंबावर राघू होते. टोपड्यातलं एकही कणीस नव्हतं.

सगळी ज्वारी कापली नव्हती कोणी. इथून पाच, तिथून पाच. पाखराईनं टोचलेली, बारकी, वाकडी ती तशीच ठेवली होती, देवाले अशी कशी न्याची? टोपड्यातली भारी भारी पाहून नेली होती. अन् चिंध्या सोडून धुऱ्यावर टाकल्या होत्या. गाठी सोडल्या होत्या हो त्याईनं. घाईत फाडल्याही नव्हत्या. निवांत बसून एकेक गाठ सोडली होती, अन् आम्ही तवा पारावर चहा पिऊन राह्यलो होतो.

मी रडली नाई, मले इतका राग आला की रडू कुठून येईन. मी धावत वासुदेवरावाच्या घरी गेली. अंगणात खोपडी उभी होती. तिच्यावर आमची कणसं, दुधाळ, कोवळी. बाया गाणी म्हणत होत्या. मी ओरडली, "कोणी कापली?" तर काजल म्हणे, "वहिनी, आमी पाचच आणले. मोजून पाह्य. पाचानं थोडं वावर संपते?" मी मोजले. पाचच होते. पुढच्या घरी गेली, पाचच. त्याच्या पुढच्या घरी, पाचच. खोटं कोणीच बोलत नव्हतं. वासुदेवराव म्हणे, "बाई, मी तर तुमच्यासमोर पारावर होतो." हेही खरं. आता धरावं कोणाले? मले सांगा ना, कोणाच्या दारात बसावं? साऱ्या गावानं मिळून एक चोरी केली अन् एकही चोर नाई. ज्वारी पेराले हे लोक कधी मिळाले नाईत. कापाले मिळाले.

आई माझ्यासारखी कोणाच्या दारात गेली नाई. तिनं धुऱ्यावरच्या चिंध्या गोळा केल्या, झटकल्या, घडी करून कमरेले खोसल्या. उरलेल्या टोचक्या कणसातली दोन-चार चाचपून पाह्यली अन् पाखराले तशीच सोडली. घरी आली अन् रिकाम्या दोरीखाली चूल पेटवली.

सकाळी मी अंगणात सडा टाकून राह्यली होती, तर गावात हा कल्ला. पाह्यलं तर राघू. शिवारात आमची टोचकी कणसं सोडली तर दाणा नव्हता, म्हणून ते गावात उतरले होते. घराघरावर, कौलावर, तारेवर, अन् खोपड्याईवर तर घोसानं. बाया सुपं वाजवत होत्या, पोट्टे ओरडत होते, पण राघू आईच्या शिव्या खाऊन वाढलेले, ते काय सुपाले भेतात? भुलाबाईच्या डोक्यावर बसून कणसं सोलत होते.

काजल धावत आमच्या दारात आली. दम लागलेला. "काकू, गोफण द्या न थोडा वेळ. भुलाबाई अजून नदीवर न्याची आहे अन् सगळी ज्वारी खाऊन राह्यले मेले!"

मी हातातली बादली उचललीच होती. खरंच फेकणार होती तिच्यावर. पण आई उठली. खुंटीवरची गोफण काढली. मले वाटलं आता ही हिच्या कपाळात खडा घालते. पण तिनं गोफण गुंडाळली अन् चुलीवरच्या रिकाम्या दोरीवर टाकली, कणसं टांगत तिथं.

मंग काजलकडं वळून म्हणे, "खाऊ दे त्याईले. पाखराईनं मले शब्द देल्ला नव्हता."